केसभर जागा

नणंद : वहिनी, तो बोर्ड लपव! साहेब जिन्यात आहेत.

भावजय : परातीएवढा बोर्ड, लपवू कुठे? डोक्यावर घेऊ?

नणंद : हसू नकोस गं. सोळाच्या सोळा ॲंटेना एकमेकांच्या अंगावर चढलेत! ऐनवेळी मी त्यांचे हात लांबवले आणि मधलं अंतर वाढवायला विसरले. बोटभर जागा हवी होती, केसभर उरलीय. हा बोर्ड वाया गेला तर काम दुसऱ्या गटाकडे आणि मी घरी. माझं कंत्राट ह्या बोर्डापुरतंच आहे.

भावजय : झालं रडून? आता इकडे या, वन्सं. मी मोजलाय तो.

नणंद : मोजलास? फेकायचा सोडून?

भावजय : फेकायच्या आधी किती घाण झालीय ते तरी बघू म्हटलं. सोळाही एकदम चालू केले. मीटरच्या पडद्यावरची ही रेघ बघ. वर असती तर सिग्नल आपल्याच तोंडावर परत आला असता.

नणंद : ही तर खाली लोळतेय. मीटर जुळवायला लावतो तो कॅलिब्रेशनचा लोड काढायला विसरलीस तू. त्याचीच रेघ अशी येते.

भावजय : लोड हा माझ्या हातात. डोळे फाड आणि बघ.

नणंद : मग... इथून? पार इथपर्यंत?

भावजय : मागितला होता त्याच्या तिप्पट बँड! तिप्पट फ्रिक्वेन्सी एकाच बोर्डात!

नणंद : चिमटा काढ मला. आई गं! एवढ्या जोरात?

भावजय : लग्नापासूनचा राहिला होता.

(दोघी हसता हसता टेबल धरतात. दार उघडतं.)

साहेब : काय तमाशा चाललाय? आणि हे इतके जवळ कुणी आणले? शंभरदा सांगितलं, खेटून बसवले की ह्याची लाट त्याच्यात घुसते. अंतर ठेवा, मध्ये पत्रा लावा!

भावजय : पत्रे लावूनच तर इतकी वर्षं वाया घालवली, साहेब. आधी रेघ बघा, मग ओरडा.

साहेब : (पडद्याशी वाकून) हे ठरवलं कुणी?

भावजय : आम्ही दोघींनी, पूर्ण विचार करून...

नणंद : गप गं. साहेब, मी चुकले. हात लांबवले, अंतर विसरले.

भावजय : घ्या! घरीही हीच तऱ्हा. कुणी विचारायच्या आत दूध उतू गेल्याचं सांगून मोकळी.

साहेब : पंधरा बंद करा. एकच चालवा.

नणंद : केले. बाप रे, रेघ चढली छताला!

भावजय : एकटा काडीच्या कामाचा नाही. आता सगळे लावते. बघा, बसली खाली! ती घुसणारी लाटच सावरतेय सगळ्यांना, आणि आपण तिच्याच मागे काठी घेऊन धावतोय.

साहेब : आपण नाही. मी धावत होतो. पण हे कडेचे दोन का कुरकुरतायत? त्यांची रेघ जरा वरच आहे.

नणंद : त्यांना एका बाजूला शेजारीच नाही. पलीकडे आणखी एकेक लागेल. सिग्नल द्यायचा नाही, नुसता बसवायचा.

भावजय : काम शून्य, नुसतं शेजारी बसून राहायचं? तुझ्या दादालाच बोलावते!

नणंद : वहिनी! ...साहेब, मग मी उद्या यायचं का?

साहेब : उद्याचं उद्या. कडेच्या नव्या दोघांचं ड्रॉइंग मला आज लागेल.