पालकांच्या हस्ते सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या माकणीच्या शाळेचे मुख्याध्यापक विरेश सर, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे नंदीशराव, समोरच्या माता-भगिनी, ग्रामस्थ मंडळी, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती शिवांजली, या निवृत्त गुरुलिंग मास्तराचा सर्वांना नमस्कार.

शिवांजली परवा मामाकडं, म्हणजे या नंदीशरावांकडं, ऑस्ट्रेलियाला निघणार आहे. अनाथ नातेवाईक म्हणून तिला व्हिसा मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. वाजवा टाळ्या, मी थांबतो.

सहा वर्षांची होती तेव्हा तिचे आईवडील एकाच अपघातात गेले. मामा परदेशात, दुसरं कुणी नाही. तिच्या आईवडिलांचं घर आमच्या घराला लागून, भिंत एकच. आम्ही तिला आमच्याकडं आणलं. तिला शाळेत घालताना रजिस्टरमध्ये 'पालक' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. याला अकरा वर्षं झाली.

गेल्या वर्षी नंदीशरावांनी व्हिसासाठी कागद मागितले. आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले, तिच्या जन्माचा दाखला, सगळ्यासाठी मीच एसटीनं धाराशिवच्या खेपा घातल्या. लेक घरातून जावी म्हणून इतक्या हौसेनं धावपळ करणारा खुळा तुम्ही पाहिलाय का?

मग एक दिवस व्हिसाच्या ऑफिसातून फोन आला. दुभाष्या मराठीत विचारत होता, "मुलगी तुमच्याकडे कामाला आहे ना? काय काय काम करते?" मला काही उमजेना. शिवांजली समोरच उभी होती. तिनं मान खाली घातली आणि मला उमजलं. मी म्हणालो, "भांडी घासते. अंगण झाडते." खोटं नव्हतं, मंडळी. कुणाची लेक भांडी घासत नाही?

नंतर तिनं अर्जासोबतच्या पत्राची प्रत पुढं केली. 'मला इथं मायेचं कुणी नाही. शेजाऱ्यांनी कामापुरतं ठेवून घेतलं आहे.' खाली सही. 'श'चं वळण मीच गिरवून घेतलेलं.

आमच्या सौभाग्यवती गौराबाईंना वाचता येत नाही. त्यांना मी पहिलंच वाक्य वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरीनं लिवलं न्हाय हो, लिवून घेतलंय तिच्याकडनं." असेल. पण पत्रात एकही खाडाखोड नव्हती.

नंदीशराव म्हणाले, "सर, केस मजबूत व्हावी म्हणून." व्हिसा आल्यावर मी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, मृत्यूचे दोन दाखले पुरेसे होते, या पत्राचं काही कामच नव्हतं. ऐकलंत? विश्वासघात या शब्दाचा वाक्यात उपयोग मी पोरांकडून तीस वर्षं करून घेतला. अर्थ मला परवा कळला. मामावरचा राग जाईल. तिच्यावरचा जात नाही, काय करू?

पत्रिकेत छापलंय, 'पालकांच्या हस्ते सत्कार'. विरेश सर, ती शाल नंदीशरावांनी घालावी. माझ्या हातून व्हायचं नाही.

गौराबाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. मांडीवर शेंगाचटणीचा डबा आहे, पोरीला वाटेत लागेल म्हणून. पत्रातलं दुसरं वाक्य त्यांनी आज इथंच पहिल्यांदा ऐकलं. अजून त्या उठून गेलेल्या नाहीत.

आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, उपकार आहेत. भरल्या सभेत घरचं बोलून बसलो, मास्तराची चूक पोटात घाला. शिवांजली, खाली जा. डबा घेताना त्यांना रोज म्हणतेस तसं 'आई' म्हण. मला काय म्हणायचं ते सावकाश ठरव.