टोप्या सात, माणसे सहा

मी एलिसेओ तोआपान्ता, वय ६८ वर्षे, धंदा टोप्या बनवणे, राहणार ग्वारांदा. आज ३१ डिसेंबर रोजी बान्योस येथील पोलीस ठाण्यात आपण होऊन येऊन सांगतो की, माझी बायको देलफिना, वय ६४, हरवली आहे. तिला मीच हरवले आहे.

सकाळी आठला आम्ही घरचे सात जण भाचा विल्मेरच्या व्हॅनने इथल्या गरम कुंडांत अंघोळीला निघालो. सरते वर्ष म्हणून रात्री जाळायचा माणसाएवढा, भुसा भरलेला बाहुला टपावर होता. घाटात पाऊस लागला. भिजला तर पेटणार नाही म्हणून त्याला मागच्या सीटवर देलफिनाशेजारी बसवले.

अंघोळ हे निमित्त. नव्या वर्षापासून दूर कुएंका शहरात मुलीकडे कायमची जाते, असे देलफिनाने मला बजावले होते. तिला अडवायला मी सहल काढली. तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती.

दहाला चिंबोरासो पर्वताच्या पायथ्याशी थांबलो. वारा टोपी उडवील म्हणून देलफिनाने आपली टोपी बाहुल्याला घातली, तो ओला होता म्हणून शालही त्यालाच गुंडाळली, आणि माझ्यासाठी गरम मक्याचे दूध आणायला टपरीवर गेली. हे मला टपरीवालीने आता फोनवर सांगितले. मी सगळ्यांना घाई करत होतो. धंद्याच्या सवयीने मी डोकी मोजत नाही, टोप्या मोजतो. सात भरल्या.

विल्मेर म्हणाला, "मामा, मामी बसल्या ना?"

मी म्हणालो, "चाळीस वर्षं टोप्या मोजतोय. तू गाडी हाक."

पुढे दोन तास मी मान न वळवता मागच्या सीटशी बोललो. "अठरा वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला तुला जाऊ दिलं नाही, दुकान कोण बघणार म्हणून. चूक माझी होती. जाऊ नकोस." ती एकदाही मध्ये बोलली नाही. एवढ्या वर्षांत प्रथमच पटले तिला, असे वाटून मी खूश होतो. लोकांना टोप्या घालण्यात हयात गेली, आज स्वतःलाच घातली.

सव्वाबाराला इथे पोचल्यावर तिला उतरवायला हात धरला. हातमोजा निघून आला आणि बुटावर भुसा सांडला. विल्मेर हसला. मीही हसलो, आणि मग तडक या ठाण्याकडे धावलो. तिचा फोन व्हॅनमध्येच आहे. टपरीवाली म्हणते, ती कुठल्याशा ट्रकला हात करून निघून गेली. वर थंडी फार आहे आणि तिच्या अंगावर शाल नाही.

पुढचा मजकूर देलफिना आल्यानंतरचा. दीड वाजता, दाराशी आमची व्हॅन दिसली म्हणून, ती बटाट्याच्या ट्रकमधून ठाण्यापाशी उतरली. हवालदारसाहेबांनी वरील सर्व वाचले, ते तिने उभ्यानेच ऐकले.

"भुसा काय उत्तर देणार? माझ्याकडे बघून बोल."

सगळ्या ठाण्यासमोर पुन्हा बोललो.

ती म्हणाली, "अठरा वर्षांनी सुचलं तुला. कुएंकाला मी जाणारच. तुला यायचं असेल तर दुकानाला कुलूप लाव."

मी "लावतो" म्हणालो.

जबाब शेवटपर्यंत वाचून दाखवला. शब्द माझेच आहेत, कमीजास्त काही नाही. खाली सही केली आहे.