पावडरच्या डब्यातली गोळी

...नाही, पण मला सांगा, डॉक्टरांपासून दुखणं लपवायचं, तर त्यांच्याकडे जायचंच कशाला? हवा खायला? आमच्या आईला विचारा! तुम्हाला सांगते, माझ्या ताईला दहावीत वर्गात फिट आली आणि शेजारची मुलगी उठून दुसऱ्या बाकावर गेली. झालं! गोळी सुरू झाली, फिट थांबल्या, पण आईनं गोळ्या ठेवल्या कशात? पावडरच्या रिकाम्या डब्यात! बारा वर्षं ताई गुलाबाच्या वासाची गोळी गिळतेय!

पुढे पाळी तीन-तीन महिने गायब, वजन वाढलं, हनुवटीवर केस... आणि ही कामाला कुठे? चष्म्याच्या दुकानात! जिकडे बघावं तिकडे आरसे! गिऱ्हाईक आरशात चष्मा बघतंय आणि ही ओढणीनं हनुवटी झाकतेय. मग गेलो डॉक्टरीणबाईंकडे. सोनोग्राफीत अंडाशयात बारीक गाठी. बाईंनी विचारलं, "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" ताईनं तोंड उघडायच्या आत आई, "छे हो! साधी डोकेदुखीचीसुद्धा नाही!"

बरं, फिटच्या डॉक्टरांकडे? "बाकी काही त्रास?" "ठणठणीत आहे हो!" पुरुषमाणसाला पाळीचं काय सांगायचं!

मी आपली त्या गोळीबद्दल वाचून वाचून पेटले. "ताई, ही गोळीच सगळ्याचं मूळ! आजपासून बंद!" ताई हसली. "शहाणे, बंद केली आणि दुकानात पडले तर? काचा किती आहेत तिथे!" मीच उठून तिला गोळीसाठी पाणी आणून दिलं. जन्मात पहिल्यांदा.

परवा पुन्हा बाईंकडे. मी भाषण पाठ करून गेलेले! बाई म्हणाल्या, "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" आई म्हणाली, "छे हो..." आणि ताईनं पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला.

"पावडर आहे ती," आई घाईघाईनं.

ताईनं डबा उपडा केला. गोळ्या घरंगळल्या. तिनं गोळीचं नाव सांगितलं, फिटचं सांगितलं, बारा वर्षंही सांगितली. मध्ये एकदाही थांबली नाही हो!

बाई रागावल्या? अजिबात नाही! "या गोळीनं काहीजणींच्या हार्मोन्सवर, अंडाशयावर परिणाम होऊ शकतो. पण आपल्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही हं. मी तुमच्या डॉक्टरांशी बोलते, हळूहळू बदलता येते का बघू." आणि तिथल्या तिथे फोन लावला!

आई पदराला डोळे पुसत म्हणाली, "मला वाटायचं, सांगितलं तर पुन्हा कुणीतरी दुसऱ्या बाकावर जाईल..." ताईनं खुर्ची सरकवली ती थेट आईला चिकटवून. माझं भाषण? गिळलं.

आता सगळं छान, नाही का? काल माझी दाढ ठणकली. खुर्चीत आ वासून पडलेय, तोंडात चिमटा, आणि दातांचे डॉक्टर विचारतात, "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?"

बाहेरच्या बाकावरून आई आत! "हिची नाही हो! पण हिच्या ताईची सांगते, लिहून घ्या..."

वीस मिनिटं झाली, मी आ वासूनच, आणि आई अजून दहावीतच!