पंपघराच्या सावलीतली बैठक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय साहेबराव काटे, ज्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत ते प्राध्यापक यशवंतराव खांबेटे सर, सौ. खांबेटे वहिनी, व्यासपीठावरील मान्यवर आणि चिंचवडच्या या सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी युनूस तांबोळी, कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर. भाषणाची सवय नाही. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रहिवाशांचे मनोगत’ असं छापलंय, तेव्हा मनात आहे तेच बोलतो.

घर, जिना, शेजार यांचा म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, यावर सरांनी आमच्या वसाहतीत अभ्यास केला. त्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. आधीच्या वक्त्यांनी त्यातला ‘वृद्ध अ’ यांचा भाग वाचून दाखवला, आपण टाळ्याही वाजवल्या. ते ‘वृद्ध अ’ माझे वडील. त्यांचं नाव अजीज.

अब्बांचं दिघीला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चौऱ्याहत्तर साली मला कंपनीचं क्वार्टर मिळालं, तिसऱ्या मजल्यावर. मी हौसेनं आईवडिलांना घेऊन आलो. घरात नळ, घरात संडास, काय कमी होतं? पण अब्बा खाटेवर बसले ते बसलेच. खाली उतरून करणार काय? बसायला जागा नाही, ओळखीचं माणूस नाही. जेवण तुटलं, झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

मग चऱ्होलीचे सोनबा शेजारच्या इमारतीत मुलाकडे राहायला आले. ते पूर्वी सायकलवरून दिघीला दूध घालायचे. अब्बा इथे आहेत असं कुणाकडून तरी कळलं, तसे जिना चढून धापा टाकत आमच्या दारात उभे. म्हणाले, “अजीजभाई, माझी सायकल जगवली आन् सोता असं का पडून ऱ्हायलाय? चला खाली.”

दोघांनी बांधकामातल्या उरलेल्या विटा गोळा केल्या, वर शहाबादी फरशी टाकली आणि पंपघरामागच्या सावलीत बैठक केली. हळूहळू बाकीचे म्हातारे यायला लागले. पलीकडच्या कडेला बायका बसायच्या, त्यात माझी आई, कमरुन्निसा. अब्बा रोज दोनदा जिना उतरायला लागले. भाकरी मागून घ्यायला लागले. सुनेशी भांडायलासुद्धा लागले. आम्हाला त्याचाही आनंद.

त्याच सुमारास सर आले. खोटं कशाला बोलू, ते त्या फरशीवर मांडी घालून बसायचे, शेंगा खायचे, ऐकून घ्यायचे. पहिल्या अहवालात त्यांनी लिहिलं की या जागेमुळे ही माणसं सावरली. जागेचा नकाशा दिला, फोटो दिला. अभ्यासाची परवानगी वसाहतीच्या ऑफिसनं दिली होती, म्हणून एक प्रत तिकडे गेली. ऑफिसनं त्यातलं एवढंच वाचलं, की कंपनीच्या जागेत विनापरवाना बांधकाम आहे. आठवड्यात फरशी उचलली आणि पंपघराला तारेचं कुंपण पडलं.

सोनबा आणि मी पुण्याला सरांकडे गेलो. सोनबा म्हणाले, “सायेब, त्ये चांगलं हाय म्हनून तुमीच लिव्हलंय. एकडाव हापिसात येऊन तसं सांगा की.”

सर म्हणाले, “सोनबा, मलाही वाईट वाटतं. पण अभ्यासकानं मध्ये पडायचं नसतं. निष्कर्ष बिघडतात.”

परत येताना सोनबांनी मला विचारलं, “निष्कर्ष म्हंजी काय रं?”

मला जमलं तसं सांगितलं, “शेवटी काय होतं ते.”

“मंग त्यो बगायचाय व्हय त्यांना,” सोनबा म्हणाले.

अभ्यास पुढे चालूच राहिला. सरांचे विद्यार्थी यायचे, वजन घ्यायचे, झोप विचारायचे. बैठक गेल्यावर काय झालं, याचं पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. पुरस्कार देताना त्याच प्रकरणाचं विशेष कौतुक झालं म्हणतात. अब्बा पुन्हा खाटेला लागले आणि त्या हिवाळ्यात गेले. सोनबा चऱ्होलीला परत गेले. आज त्यांना बोलावणं होतं, ते आले नाहीत.

सर मय्यतीला आले होते. जनाज्याला खांदा दिला, डोळे पुसले. ते अश्रू खरे होते, मी समोर होतो. पण चाळीसावा व्हायच्या आत त्यांची विद्यार्थिनी आईकडे प्रश्न घेऊन आली. आईनं तिला चहा दिला आणि म्हणाली, “बेटी, सर को बोल, नींद नहीं आती. लिख ले.”

तेही पुस्तकात आहे. ‘वृद्धा क’.

सर, तुमच्या पुस्तकात एक ओळ खोटी नाही. तेच तर सलतं. ती फरशी आमच्यासाठी काय होती, हे ऑफिसला कळलं नाही, डॉक्टरांना कळलं नाही. तुम्हाला कळलं होतं. तुमच्या एका शब्दाला तिथे किंमत होती आणि तो शब्द तुम्ही पुस्तकासाठी राखून ठेवलात.

आता तुम्ही निवृत्त होताय. पुण्यात वरच्या मजल्यावर घर घेतलंत असं ऐकलं. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो. खाली बसायला सावली असो, हाक मारणारं कुणी असो. आणि कधी ती जागा कुणी काढून घ्यायला आलंच, तर तुमच्या शेजारी असा माणूस असो, जो नुसता बघत बसणार नाही.

अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचे आभार. इतका वेळ ऐकून घेतलंत, तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंदुणं झालं असेल तर त्याची माफी मागतो. जे घडलं त्याची माफी मागणं माझ्याकडे येत नाही.