अक्षताची पट्टी

"वाचलंस खरं, पण कळलं का गं पोरी?" माझ्या पहिलीतल्या बाईंचा तो मऊ आवाज परवा कागलच्या एसटीची वाट बघताना पुन्हा आठवला. शेजारी एक शिक्षिका आपल्या विद्यार्थिनीच्या आजीशी बोलत होती.

"सरुबाई, तुमची अक्षता घडाघडा वाचते, पण अर्थ लागत नाही तिला."

"आमची न्हाय वं तसली! झालं काय?"

"गोष्टीची वाक्यं कापून पट्ट्या देते मी. पोरं त्या ओळीनं दोऱ्याला अडकवतात. बाबा कामाला गेले, आईनं भाकरी केली, संध्याकाळी बाबा घरी आले. हिनं शेवटची पट्टी लावलीच नाही."

"पडली असंल की कुठं."

"मुठीत होती. लाव म्हटलं, तर म्हणते, ही खोटी हाय."

"असं म्हणाली?"

"तिचे बाबा बंगळूरहून फोन करतात ना? त्यांना सांगा, रोज एक गोष्ट वाचून घ्या तिच्याकडून."

सरुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आजी, रडताय कशाला?"

"बंगळूर न्हाय, काय न्हाय, बाई. पोरीला आजऱ्याला मामाकडं धाडलं आणि मागं माझ्या लेकाची माती उरकली आम्ही. तिला सांगायला अजून तोंड उघडलं न्हाय माझं."