यानलूची खळी

नावेच्या रांगेत पाथरवट कुओ पेंगत होता. धुक्यात पैलतीरावरची लेणी अजून झोपलेलीच होती. पुढे दोन जावा बोलत होत्या.

"जाऊबाई, भिक्खूंना सांगून यानलूच्या नावाने बुद्ध कोरायला दिलात, आता रडता कशाला?"

"पोर सरहद्दीवर पडलं त्याला नऊ वर्षं झाली. त्याचा चेहराच आठवत नाही गं."

"काहीच नाही?"

"हसला की डाव्या गालाला खळी पडायची, तेवढीच आठवते."

"मग पाथरवटाला सांगा ना!"

"वेडी का तू? बुद्धाला कुठे खळी असते? हसेल तो मला."

"हसू दे की मेल्याला!"

पैलतीरी उतरताच कुओ यानलूचं नाव कोरलेल्या अर्धवट बुद्धापाशी गेला आणि त्याने सगळ्यांत बारीक छिन्नी काढली.