जावयाच्या गाडीचे कडक शॉकअप

किती वेळा तेच सांगायला लावता रे? ऐका, शेवटचं.

बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. मुलुंडहून नाहूरला तिला जावयाच्या गाडीतून घरी आणत होतो. धक्के झेलणारे शॉकअप नवे, खुंटी फिरवून मऊ-कडक होणारे. त्याने ठेवलेले कडक. दर खड्ड्याला ही पदर चावायची, पण जावयाला बोलू नका म्हणून मलाच डोळे दाखवायची.

शेवटी बोललोच. "नितीनराव, मऊ करा."

"वळणावर गाडी डुलेल. तुम्हाला कळत नाही, बाबा."

"थांबवा गाडी."

उतरून चारही चाकांमागे हात घातला, खुंट्या पार मऊ केल्या. पुलाच्या वळणावर गाडी डंपरकडे कलली. थोडक्यात वाचलो.

ही म्हणाली, "मधे ठेवा. तुमच्या दोघांच्या हट्टात मी मरेन."

मधे ठेवल्यावर घरापर्यंत ही कण्हली नाही. माझं चुकलं, असं मी तिथेच बोललो. नितीनराव अजून तसं बोललेले नाहीत.